लाल शाईची रेघ

होयो प्रिएतो गावात अजूनही एखादं पोर वर्गात पहिलं आलं की म्हाताऱ्या बायका त्याच्या आईला म्हणतात, "हुशार होऊ दे, पण एर्सिलियाबाईंइतकं नको." त्या बाई जाऊन बरीच वर्षं झाली. गावाचा राग काही गेलेला नाही.

एर्सिलिया तेहादा सात वर्षांची होती तेव्हा तिचा बाप तंबाखूचे गठ्ठे घेऊन राजधानीला गेला आणि मोठ्या वादळात एका भिंतीखाली सापडला. त्याच साली देशाच्या मानेवर हेफे बसला. हेफे म्हणजे मालक. त्याचं खरं नाव सगळ्यांना पाठ होतं, पण ते घ्यायचं म्हणजे मागेपुढे इतक्या पदव्या लावाव्या लागत की शेतावर निघालेला माणूस नुसतं 'हेफे' म्हणून मोकळा व्हायचा. वादळात पोरक्या झालेल्या मुलांना हेफेच्या पक्षाच्या लोकांनी बूट वाटले. एर्सिलियाला मिळाले ते काळे, बंदांचे, एक माप मोठे. घरात त्याआधी कुणाच्याच पायात बूट नव्हते. तिनं ते पुढे चिंधी कोंबून घातले आणि त्या दिवसापासून हेफे तिचा बापही झाला आणि देवही.

तिची आई सेकुंदिना युकाच्या कंदाच्या भाकऱ्या भाजून बाजारात विकायची. ती म्हणायची, "अगं, बूट चांभारानं शिवले. चांभाराचं नाव माहीत आहे का तुला?" पोरगी तोंड फिरवायची. पुढे पक्षाच्याच खर्चानं ती सान्तियागोला, जिल्ह्याच्या शहरात, शिकली आणि एकोणिसाव्या वर्षी गावची शिक्षिका होऊन परतली. एका हातात पेटी, दुसऱ्या हातात काचेत बसवलेली हेफेची तसबीर. आईला मिठी मारायच्या आधी तिनं तसबीर कुठे टांगायची ते पाहिलं, असं शेजारीपाजारी सांगतात. खोटं नसावं.

बाई शिकवायच्या मात्र चांगलं. हे गावाला कबूल करावंच लागतं. ज्या गावात सही करायला अंगठा पुढे यायचा तिथं पाच वर्षांत चाळीस मुलं घडाघडा वाचायला लागली. फक्त वाचायला होता हेफे, आणि लिहायलाही हेफेच. सकाळी झेंड्याला सलाम, मग तसबिरीकडे तोंड करून 'आमचं अन्न, आमची शांती, आमचं पाणी तुमच्यामुळे'. मग गणित: हेफेंनी एका वर्षात सात पूल बांधले तर चार वर्षांत किती? मग व्याकरण. व्याकरणात प्रत्येक वाक्याचा कर्ता ठरलेला.

"हेफे आम्हांला घडवतात. कर्ता कोण?"

"हेफे!"

"आणि कर्म?"

"आम्ही!" चाळीस गळे एकदम.

खेळाच्या तासाला लाकडी बंदुका खांद्यावर घेऊन कवायत. ज्याचा पाय चुकेल त्यानं तसबिरीखाली गुडघे टेकून बसायचं. घरी मोठी माणसं काय बोलतात, तेही बाई गोडीगुलाबीनं विचारायच्या. मुलांना त्यात काही वावगं वाटत नसे. बाईंनी विचारलं म्हणजे उत्तर द्यायचं, इतकंच त्यांना माहीत.

त्या चाळिसांत नीदिया फ्रीयास नावाची दहा वर्षांची मुलगी सगळ्यांत तल्लख होती. तिचा बाप लेओंते तंबाखूच्या वखारीत पानं निवडायचा. नुसतं बोट फिरवून पान कुठल्या उतारावरचं ते सांगायचा, आणि जिभेला तर त्याच्या हाड नव्हतंच. वखारीत तो बोलायला लागला की बायकांच्या हातातली पानं खाली पडत. नीदियाच्या बाप्तिस्म्याला तिला हातावर घेतलं होतं सेकुंदिनानं. म्हणजे बाईंची आई नीदियाची धर्मआई. रविवारी दोन्ही घरांचा रस्सा एकाच पातेल्यात शिजायचा.

सत्तेचाळीस साली हेफेच्या वाढदिवसासाठी जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांना निबंध लिहायला सांगितलं: 'माझ्या घरातले हेफे'. वह्या सोमवारी निरीक्षक येऊन नेणार होते. शनिवारी दुपारी एर्सिलिया घरी वह्या तपासत बसली. सदतीस निबंध एकसारखे होते. ते तिनंच फळ्यावर लिहून दिले होते. दोन मुलांनी शाई सांडली होती. चाळिसावी वही नीदियाची. तिनं फळ्यावरचं काही घेतलं नव्हतं, स्वतःच्या मनानं लिहिलं होतं.

"आमच्या घरात हेफे रोज असतात. दारावर पितळी पाटी आहे, तिच्यावर लिहिलंय की या घरात हेफेच मालक. आई म्हणते, मालक आहेत तर छपराला पानं त्यांनीच घालावीत. मीठ संपलं की पप्पा म्हणतात, हेफेंचे आभार माना, आता तहान कमी लागेल. शेजारच्या काकांची जमीन हेफेंच्या भावानं घेतली तेव्हा पप्पा म्हणाले, कर्ता तो आणि कर्म आमचं. माझ्या पप्पांना व्याकरण येतं."

एर्सिलिया वाचता वाचता हसली. खरंच हसली, सेकुंदिनानं चुलीपासून मान वळवून पाहिलं.

"काय गं, काय झालं?"

"काही नाही. लेओंतेची पोरगी." आणि मग तिचं हसू जागच्या जागी गोठलं. आपण हसलो, याचाच तिला राग आला. एवढ्या मोठ्या माणसाची टवाळी, आणि तीही आपल्या वर्गातल्या वहीत, आपण शिकवलेल्या शब्दांत! तिनं तो उतारा आईला मोठ्यानं वाचून दाखवला.

सेकुंदिनानं झग्याला हात पुसले. "दे इकडे. चुलीत घालते."

"आई, चाळीस मुलं आहेत, चाळीस वह्या गेल्या पाहिजेत."

"मग पोरीला बोलाव, दुसरी लिहून घे. उद्या रविवार आहे. मी बसते तिच्याजवळ."

"खोटं लिहायला लावू? मी शिक्षिका आहे."

"अगं, तू त्या सदतीस पोरांना काय लिहायला लावलंस मग?"

सेकुंदिना जवळ आली. तिचा आवाज खाली आला. "एर्सी, लेओंतेला नेतील. तुला ठाऊक आहे ना नेतात म्हणजे काय करतात?"

"ज्याचं मन साफ आहे त्याला कशाची भीती? समज देतील, सोडतील. हेफे न्यायी आहेत."

"तू खाल्लंस ना त्याच्या घरचं अन्न? परवाच्या रविवारी?"

"मी अन्न खाल्लं ते हेफेंमुळे," एर्सिलिया म्हणाली. आईनं भाकऱ्यांची टोपली डोक्यावर घेतली.

त्या दिवशी तिच्या मनात नक्की काय होतं ते सांगणं अवघड नाही. हेफेवर तिची श्रद्धा होती, ढोंग नव्हतं. पण सान्तियागोला मुख्याध्यापिकेची जागा रिकामी होणार होती, आणि होयो प्रिएतोतल्या बाई किती जागरूक आहेत हे वरच्यांना कळायला हवं होतं, हेही खरं. शिवाय जिल्ह्यातून हजार-दीड हजार वह्या जाणार. निरीक्षक त्या चाळतोय कशाला? नुसती गठ्ठ्यात घातली असती तरी ती वही तशीच धूळ खात पडली असती. एर्सिलियानं ती सगळ्यांत वर ठेवली. 'कर्ता तो आणि कर्म आमचं' या शब्दांखाली लाल शाईनं पट्टी लावून सरळ रेघ मारली आणि समासात लिहिलं: 'लक्ष द्यावे.' खाली सही केली. आई तेव्हा भाकऱ्या घेऊन बाजारात गेली होती. परतल्यावर तिनं विचारलं, तर लेक म्हणाली, "सगळ्यांच्या वह्या जातायत तशी तीही जाईल. मी काही पुढे केली नाही, मागे ठेवली नाही."

गुरुवारी सकाळी काळी मोटार वखारीपाशी थांबली. लेओंतेच्या मांडीवर निवडलेली पानं होती. ती त्यानं बाजूला नीट रचून ठेवली आणि उठला. "येतो," असं तो म्हणाला, पण कुणाकडे बघून ते कुणाला कळलं नाही.

पुढच्या सोमवारी निरीक्षक पुन्हा शाळेत आले. आबेलार्दो त्यांचं नाव. पांढरा सूट, घामानं काखेत पिवळा पडलेला. त्यांनी सगळी शाळा अंगणात उभी केली आणि नीदियाला पुढे बोलावलं.

"घरातलं काहीही न लपवता जे सांगतं ते खरं देशभक्त मूल," ते म्हणाले आणि तिच्या फ्रॉकला लाल-पांढरी-निळी रेशमी फीत टाचली. मुलांनी टाळ्या वाजवल्या. नीदियाचे कान लाल झाले. तिला वाटलं, निबंधाचा पहिला नंबर आला.

"बाई, पप्पांना सांगितलं का कुणी?" तिनं विचारलं. "आई म्हणते, ते कामाला गेलेत राजधानीला."

"त्यांना कळलंय," एर्सिलिया म्हणाली.

पोरगी धावत घरी गेली. आई, ओलिंपिया, दारात बसली होती. चार दिवस तिनं केसांना फणी लावली नव्हती. नीदियानं छाती पुढे काढून फीत दाखवली आणि निरीक्षक काय म्हणाले ते शब्दन्‌शब्द म्हणून दाखवलं. पाठांतर पक्कं होतं तिचं. ओलिंपियानं ऐकून घेतलं. मग फीत काढली, घडी केली आणि इतकंच म्हणाली, "यापुढे घरात बोललेलं काही लिहायचं नाही. समजलं?" पोरीनं आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला समजलं. एकदम सगळं समजलं.

त्यानंतर नीदिया शाळेत यायची, पण हात वर करायची नाही. निबंध लिहायला दिला की पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत 'मी हेफेंची आभारी आहे' असं पान भरून ठेवायची. एर्सिलिया दहापैकी दहा द्यायची. दुसरं काय देणार?

सात महिन्यांनी लेओंते परत आला. चालत. उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती, त्यामुळे पानं निवडायचं काम संपलं. बोलणंही संपल्यातच जमा होतं. तो आल्याचं कळताच सेकुंदिना कोंबडीचा रस्सा घेऊन गेली. त्यानं डाव्या हातानं दोन घास खाल्ले आणि म्हणाला, "वही दाखवली त्यांनी मला. रोज दाखवायचे."

"पोरीचं अजून लेकराचं वय, लेओंते. तिला काय कळत होतं—"

"पोरीनं काही केलं नाही. खोटं काय लिहिलंय तिनं?" तो थांबला. "खाली लाल रेघ होती. 'लक्ष द्यावे.' तुझ्या लेकीची सही होती. अक्षर छान आहे तिचं."

सेकुंदिना घरी आली. एर्सिलिया जेवायला बसली होती, ताटात भात आणि घेवडा. आईनं ताट उचललं नाही, आदळआपटही केली नाही. चुलीचे तीन दगड मात्र एकेक करून बाहेर नेले आणि परसात आंब्याखाली मांडले.

"हे काय चाललंय?" एर्सिलियानं विचारलं.

"मी माझं शिजवून खाईन."

"लोक काय म्हणतील?"

"लोक? लोक कधीचे म्हणतायत. मीच बहिरी होते."

"आई, मी माझं कर्तव्य केलं."

"केलंस ना? मग आता एकटी जेव."

त्या दिवसापासून एकाच छपराखाली आई वेगळी चूल मांडून राहिली. तापानं फणफणली तरी लेकीच्या हातचं पाणी तिनं घेतलं नाही; शेजारणीला हाक मारायची. गावानं उघड काही केलं नाही, करू शकत नव्हतं. बाई रस्त्यानं जाताना पुरुष टोपी काढायचे आणि टोपी डोक्यावर परत गेली की थुंकायचे. दुकानदार तिला सगळ्यांत आधी माल द्यायचा, म्हणजे ती लवकर जाईल. सान्तियागोची जागा निरीक्षकांच्या भाचीला मिळाली. एर्सिलियाला एक प्रशस्तिपत्र आलं. तिच्या नावाचं स्पेलिंग त्यात चुकलं होतं. ते तिनं भिंतीवर लावलं.

अशी चौदा वर्षं गेली. एकसष्ट सालच्या मे महिन्यात हेफेला रस्त्यावर गोळ्या घातल्या गेल्या. गावात कुणी मोठ्यानं हसायचीही हिंमत केली नाही. सहा महिने पाट्या दारांवर तशाच होत्या. नोव्हेंबरात त्याचं खानदान बोटीनं, विमानानं पळालं आणि मग मात्र गावाला चेव चढला. पाट्या उपटल्या, चौकातला पुतळा दोरखंड लावून पाडला. त्यानंतर सगळे शाळेकडे वळले.

एर्सिलिया तसबिरीखाली उभी होती. तिला बाहेर ओढलं तेव्हा पायातला एक बूट निघाला. अंगणात, जिथं ती कवायत घ्यायची, तिथंच तिला गुडघ्यांवर बसवलं. ज्यांना तिनं अक्षरं शिकवली होती तेच आता वीस-पंचवीस वर्षांचे गडी होते.

"म्हणा बाई, कर्ता कोण?" एकानं तोंडाजवळ तोंड नेऊन विचारलं.

"खबरी कुत्री!" मागून कुणी ओरडलं. चिखलाचा गोळा तिच्या कानावर बसला. एकजण केस कापायची कात्री घेऊन आला. गर्दी बाजूला झाली, कारण नीदिया आली होती. ती आता सान्तियागोच्या एका दवाखान्यात परिचारिका होती, बापाला भेटायला गावी आली होती, आणि पोटुशी होती.

"पहिला दगड हिचा!" लोक म्हणाले. कुणीतरी तिच्या हातात खरोखरच दगड दिला.

एर्सिलियानं मान वर केली. चौदा वर्षांत तिनं या मुलीच्या डोळ्यांत एकदाही पाहिलं नव्हतं. "पोरी," ती म्हणाली, "मलाही असंच शिकवलं होतं. मी सात वर्षांची होते. मला तरी काय कळत होतं?"

"सात वर्षांच्या असताना तुम्ही काही केलं नाहीत, बाई," नीदिया म्हणाली. "तो निबंध लिहिला तेव्हा मी दहा वर्षांची होते. तुम्ही चोवीस वर्षांच्या होता."

नीदियानं दगड खाली टाकला. लोकांना वाटलं, माफ केलं. काहीजण हळहळले, काहीजण चिडले. ती गर्दीकडे वळून म्हणाली, "हात लावू नका. मेली तर तिची सुटका होईल. माझे पप्पा रोज याच रस्त्यानं जातात. तिलाही जाऊ दे. रोज."

मग जमाव पांगला. कात्रीवाला तेवढा जाता जाता तिच्या वेणीचा शेंडा कापून घेऊन गेला.

तीन महिने शाळा बंद होती. एर्सिलिया दार लावून बसली. तिला पश्चात्ताप झाला का, असं पुष्कळजण विचारतात. परसातल्या चुलीपाशी जाऊन ती एकदा आईला म्हणाली होती, "मी चुकले असेन." सेकुंदिना म्हणाली, "असेन? अजून 'असेन'?" आणि लाकूड पुढे सारलं. पासष्ट साली देशात यादवी पेटली, त्या दिवसांत म्हातारी गेली. शेवटचं पाणी शेजारणीनं पाजलं.

तोवर बाई पुन्हा शाळेत रुजू झाल्या होत्या. गावात दुसरं शिकवायला होतंच कोण? नव्या शिक्षणाधिकाऱ्यानं जुनी कागदपत्रं पाहिली, खांदे उडवले आणि 'पात्र' असा शिक्का मारला. मुलं पाठवताना आया त्यांना बजावून पाठवत, "वाचायला शीक, बाकी ऐकू नकोस." एर्सिलिया आता व्याकरणात कोंबड्या आणि नद्यांची वाक्यं द्यायची. आवाज पूर्वीसारखा चढत नसे. भिंतीवर जिथं तसबीर होती तिथं पांढरा चौकोन तेवढा होता, आणि शिकवताना तिची नजर सारखी तिथं जायची.

सहासष्ट साली निवडणुकीचा बार उडाला. राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार राजधानीतून दौऱ्यावर निघाला. हेफेच्या दरबारात वाढलेलाच माणूस. त्याच्या पक्षाचा एक तरुण जीपमधून शाळेत आला, कागदी झेंड्यांचा गठ्ठा आणि एक मोठा फोटो टेबलावर ठेवून म्हणाला, "बाई, मुलं रस्त्यावर उभी राहिली तर शोभा येईल. जमेल ना?"

"किती वाजता?" एर्सिलियानं विचारलं. तिच्या चेहऱ्यावर कितीतरी वर्षांनी रंग आला होता.

दुपारपर्यंत तिनं बेचाळीस मुलं रस्त्यालगतच्या अंगणात उंचीनुसार उभी केली. नखं पाहिली, शर्ट आत खोचून घेतले. झेंडा कोणत्या हातात, कितव्या हाकेला वर, कधी खाली. "एक, दोन. एक, दोन. हसा!" तिचा आवाज पार वखारीपर्यंत ऐकू येत होता. पहिल्या रांगेत चार-साडेचार वर्षांचा एक मुलगा होता, लेओंतेचा नातू. त्याच्या हातात झेंडा होता आणि तो मनापासून ओरडत होता, कारण बाईंनी आज त्याला 'शाबास' म्हटलं होतं.

नीदिया बाळंतपणानंतर गावातच राहिली होती; ती हातातलं ओल्या कपड्यांचं टोपलं रस्त्यातच टाकून कुंपणातून सरळ आत आली. बाईंशी एक शब्द बोलली नाही. मुलाच्या हातातला झेंडा काढून घेतला, जमिनीवर ठेवला आणि त्याला उचलून कडेवर घेतलं.

"मम्मा, मला राहायचंय! बाई म्हणाल्या—"

"माहीत आहे बाई काय म्हणतात."

पोरगा रडत, लाथा झाडत तिच्या खांद्यावरून मागे बघत गेला. ते पाहून दुकानदाराची सून आली, आपल्या दोन्ही मुली घेऊन गेली. मग वखारीतल्या तिघीचौघी हाताला तंबाखू तशीच घेऊन आल्या. कुणी भांडलं नाही. बारा मुलं गेली. बाकीच्यांच्या आया आल्या नाहीत. काहींना यायचंच नव्हतं, काहींच्या नवऱ्यांना रस्त्याच्या कामावर घेतो असं जीपवाल्यानं सांगितलं होतं.

एर्सिलियानं रांगेत पडलेली खिंडारं पाहिली. एक क्षण तिचा हात हवेत तसाच राहिला. लांबून मोटारींचा आवाज यायला लागला.

"जवळ जवळ या," तिनं उरलेल्या तीस मुलांना सांगितलं. "मोकळी जागा दिसता कामा नये."